उसण, आखडलेली मान आणि स्नायू-शिथिलक औषधे

वजन उचलताना कमरेत उसण भरली किंवा झोपेतून उठताना मान आखडली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेदनाशामकाच्या जोडीने स्नायू शिथिल करणारे औषधही येते, आणि पुष्कळदा ती दोन्ही एकाच गोळीत मिसळलेली असतात. एसिक्लोफिनॅक व थायोकोल्चिकोसाइड, किंवा पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक व क्लोरझोक्साझोन अशी मिश्रणे भारतात सर्रास लिहून दिली जातात. त्यामुळे 'दुखण्याची' म्हणून घेतलेल्या गोळीत आणखी एक औषध आहे आणि त्याचे स्वतंत्र धोके आहेत, याची रुग्णाला बहुधा कल्पनाच नसते.

या गटातील बहुतेक औषधे प्रत्यक्ष स्नायूवर काम करत नाहीत. स्नायूचा ताण मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतापेशींच्या संदेशांवर ठरतो, आणि ही औषधे ते संदेशच मंद करतात. (शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात ती स्नायू पूर्ण लुळे पाडणारी औषधे अगदी वेगळी, त्यांचा येथे विचार नाही.) गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड हे परिणाम म्हणूनच अपघाताने होत नाहीत; ते औषधाच्या कार्यपद्धतीतच आहेत. इतिहासही तेच सांगतो. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये पेनिसिलीन टिकवण्यासाठी रसायन शोधत असताना फ्रँक बर्गर यांना असे दिसले की, काही संयुगे दिलेले उंदीर शुद्धीवर असूनही त्यांचे अंग सैल पडते; त्यातून मेफेनेसिन, पुढे चिंताशामक म्हणून अमेरिकेत गाजलेले मेप्रोबामेट आणि 1959 मध्ये बाजारात आलेले कॅरिसोप्रोडॉल निघाले.

कॅरिसोप्रोडॉलचे शरीरात अंशतः मेप्रोबामेटच बनते, आणि त्याची सवय लागण्याचे हे एक कारण मानले जाते. युरोपीय औषध संस्थेने 2007 मध्ये त्याची विक्री थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेने जानेवारी 2012 पासून त्याला नियंत्रित औषधांच्या यादीत घातले. मुंबईतील एका कंपनीकडून टॅपेन्टाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रगोळ्या पश्चिम आफ्रिकेत जातात आणि तेथील रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जातात, हे फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने उघडकीस आणल्यावर भारतीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाच्या उत्पादनाच्या व निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या.

भारतातील रुग्णाच्या दृष्टीने थायोकोल्चिकोसाइड अधिक जवळचे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुंपणांवर आणि झुडपांवर चढणारी, तांबड्या-पिवळ्या लहरी पाकळ्यांची कळलावी ही विषारी वेल. तिच्या बियांतून मिळणाऱ्या कोल्चिकोसाइडपासून हे औषध तयार करता येते. शरीरात त्याचे विघटन होताना निर्माण होणारा एक पदार्थ विभागणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असे प्रयोगांत दिसल्यावर युरोपीय औषध संस्थेने 2013 मध्ये त्याच्या वापराला मर्यादा घातल्या: तोंडाने दिवसाला जास्तीत जास्त 16 मिलिग्रॅम आणि तेही फार तर 7 दिवस, इंजेक्शनने 5 दिवस, 16 वर्षांखालील मुलांना, गर्भवतींना, स्तनपान देणाऱ्या मातांना आणि गर्भनिरोधक न वापरणाऱ्या जननक्षम वयाच्या स्त्रियांना मुळीच नाही. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने तीच गोळी घेत राहण्याची रीत या मर्यादांशी कोठेही जुळत नाही.

एवढे करून साध्या पाठदुखीत लाभ किती, याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 31 चाचण्यांच्या आढाव्यात, तीव्र कंबरदुखीत ही औषधे पहिल्या दोन आठवड्यांत वेदना 100 गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी 8 गुणांहूनही कमी उतरवतात असे आढळले, आणि तो पुरावाही अत्यंत कमी खात्रीचा होता. दुखण्याने झोप उडालेल्या रुग्णाला दोन-चार रात्री आराम मिळणे क्षुल्लक नव्हे. परंतु वृद्धांच्या बाबतीत हीच गुंगी रात्री लघवीला उठताना तोल जाण्यास आणि खुब्याचे हाड मोडण्यास कारण ठरू शकते, आणि मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर ती श्वास मंद करण्यापर्यंत जाऊ शकते.

या औषधांची खरी गरज वेगळ्याच रुग्णांना असते. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांत चेतासंस्थेच्या बिघाडाने हातपाय कायमचे ताठरतात. या ताठरपणाला स्पॅस्टिसिटी म्हणतात, आणि तेथे बॅक्लोफेन व टिझानिडिन यांमुळे कपडे चढवणे, मांड्या फाकवून स्वच्छता करणे अशा गोष्टी शक्य होतात. दीर्घ वापरानंतर बॅक्लोफेन अचानक बंद केल्यास भास, झटके आणि तीव्र ताप येऊ शकतो, म्हणून त्याचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. त्याचा मोठा भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने ती निकामी झालेल्यांत नेहमीचा डोसही बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. टिझानिडिनचा निचरा यकृत करते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे परिचित प्रतिजैविक नेमके तेच काम अडवते. लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होणाऱ्या मज्जारज्जूच्या रुग्णाला ही दोन औषधे एकत्र दिली गेली, तर रक्तातील टिझानिडिन सुमारे दहापट वाढून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो, आणि म्हणून ही जोडी पूर्णपणे निषिद्ध मानली जाते.