विदर्भाचा उन्हाळा आणि संगणकाचा पंखा

नागपूर शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. असे विक्रमी दिवस बाजूला ठेवले तरी मे महिन्यात दुपारचा पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. घरातील, दुकानातील किंवा अभ्यासिकेतील संगणकाला हे दोन्ही ऋतू सोसावे लागतात. मात्र त्याच्या पंख्यांची गती ठरवणारी कारखान्यातील मांडणी बहुधा सौम्य हवामानातील खोली गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात पंखा दिवसभर घोंघावत राहतो आणि वापरणारा एकतर तो आवाज मुकाट्याने सोसतो किंवा कंटाळून गती अंदाजाने कमी करून टाकतो.

मुळात संगणकाचा पंखा थंडावा निर्माण करीत नाही. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, जी उष्णता बाहेर टाकते ती तिच्यावर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यात, म्हणजे हीट सिंकमध्ये, उतरते आणि पंखा त्या पात्यांमधून खोलीतील हवा खेळवून ती वाहून नेतो. म्हणून पंखा कितीही जोरात फिरला तरी प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. समजा, एखादा प्रोसेसर रिकामा असताना खोलीपेक्षा १२ अंशांनी आणि पूर्ण भार असताना ४५ अंशांनी तापतो. हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत त्याचे तापमान ३२ ते ६५ अंशांच्या दरम्यान राहील, पण मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत काहीही काम नसतानाच ते ५२ अंशांवर असेल आणि भाराखाली ८५ अंशांपर्यंत चढेल. पन्नाशी ओलांडताच वेग घ्यायचा असा आदेश पंख्याला दिलेला असेल, तर तो उन्हाळ्यात कधीच शांत होणार नाही, आणि त्या आवाजाच्या मोबदल्यात फारसे काही पदरातही पडणार नाही.

आवाजाचे गणित येथे महत्त्वाचे ठरते. पंख्याची गती मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत मोजतात. ती दुप्पट केली की वाहणारी हवा दुप्पट होते, पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबलची वाढ मानवी कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते. उलट दिशेने पाहिले तर हाच नियम उपकारक आहे: १२०० फेऱ्यांचा पंखा ९६० फेऱ्यांवर आणला की हवा एक पंचमांशाने घटते, मात्र आवाज जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो आणि प्रोसेसरच्या तापमानात बहुधा थोड्याच अंशांची भर पडते. याच कारणाने ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसवणे हा, जागा असल्यास, सर्वांत समाधानकारक उपाय आहे, कारण मोठी पाती तेवढीच हवा कितीतरी कमी गतीने ढकलतात.

गती नियंत्रित करण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते. चार तारांच्या पंख्यात दोन तारा विजेच्या, तिसरी गतीची खबर परत देणारी आणि चौथी आदेशाची असते. या चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० विद्युत स्पंद जातात आणि प्रत्येक स्पंद किती वेळ टिकतो त्यावर गती ठरते. ही वारंवारता मानवी श्रवणमर्यादेपलीकडे असल्याने तिचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तीन तारांच्या पंख्याची गती मात्र व्होल्टेज कमी-जास्त करून बदलावी लागते. कोणत्या तापमानाला किती गती हे ठरवणाऱ्या आलेखाला फॅन कर्व्ह म्हणतात. संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोस या मूळ मांडणीत तो बदलता येतो.

नागपूरसारख्या शहरात हा आलेख ऋतूनुसार वेगळा असावा, आणि त्यात प्रोसेसरचा पंखा व कॅबिनेटचे पंखे यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. आजचे अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच कामाचा वेग घटवून आपले रक्षण करतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांचा पंखा साधारण ६० अंशांपर्यंत संथ ठेवून पुढे हळूहळू वाढवावा आणि ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान पूर्ण गतीला न्यावा. आदेश बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी, कारण कानाला सतत चढउतार करणारा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा अधिक खुपतो. खरी काळजी मात्र मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायमधील कॅपॅसिटर या घटकांची घ्यावी लागते. त्यांना असे स्वसंरक्षण नसते आणि स्थूल नियमानुसार दर १० अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. त्यामुळे मार्च ते जून या काळात कॅबिनेटच्या पंख्यांची किमान गती वाढवून ठेवणे आणि हिवाळ्यात ती निःशंकपणे खाली आणणे योग्य ठरते.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या वैशाखात खोली कित्येक अंशांनी थंड करतो आणि खोलीचा उतरलेला प्रत्येक अंश प्रोसेसरलाही जवळपास तसाच मिळतो. दमट हवेमुळे संगणकाच्या आत दव साचेल ही भीती निराधार आहे, कारण आतील भाग त्या हवेपेक्षा गरमच असतात. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर पडला तर पाण्याचे सूक्ष्म तुषार आणि धूळ मिळून हीट सिंकवर चिकट थर बसतो, आणि मग तेवढ्याच आवाजात कमी हवा मिळते. म्हणून कूलर सुरू करण्यापूर्वी, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढावी, आणि ताट्या बदलण्याच्या त्याच दिवशी वाचकांनी संगणकाचा उन्हाळी आलेखही लावून घ्यावा.