मधली धार

"पहिली धार सोडून द्यायची. मधली बाटलीत धरायची. शेवटची परत सोडून द्यायची. आन् बाटलीला आतून बोट लावायचं नाही, माय."

मानवतच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी तीन दिवस बसले. त्या तीन दिवसांत हे वाक्य कानावर पडलं नाही असा अर्धा तास गेला नसेल. सांगणारी टेक्निशियन पंचविशीतली. समोरची बाई तिच्या आईच्या वयाची, कधी आजीच्या. बाई मान खाली घालते, झाकणाची बाटली पदराआड करते आणि मागच्या दाराने आत जाते. परत आल्यावर बाटली टेबलावर ठेवत नाही. पिशवीत घालते आणि पिशवीच पुढे करते. मुलगी बाटली बाहेर काढते, उजेडाला धरते, नावाची पट्टी चिकटवते. तीन दिवसांत तिने एकदाही नाक मुरडलं नाही.

मी तिथं गेले ती एका शब्दामुळे. गेल्या मार्गशीर्षात माझी मावशी तापाने फणफणली. मावशी मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. स्वतःचं दीड एकर, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या रानात. हुडहुडी भरून ताप, उलट्या, आणि उजवीकडे बरगडीखाली पाठीत अशी कळ की कूस बदलता येईना. गावात येणाऱ्या एका डॉक्टरने थंडीताप म्हणून तीन दिवस सुई दिली. सुई दिली की ताप उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा. लघवी तपासायचं कुणी नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी ती बरळायला लागली तेव्हा गाडी करून परभणीला नेली. तिथं कळलं, संसर्ग किडनीत आहे आणि आता रक्तात उतरतोय. ताप उतरून शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "आधी काही होत नव्हतं का गं?" तर म्हणाली, "उन्हाळी लागली व्हती आठ दिस. धने-जिऱ्याचं पाणी पेले की."

थंडीच्या दिवसांत उन्हाळी. लघवीला आग होऊ लागली, थेंबथेंब होऊ लागली की आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात. उन्हातान्हात फिरून, पाणी कमी पडून लघवी गडद होते, जळजळते. तेवढ्यापुरता हा शब्द खरा आहे. पण शब्दातच ऊन असल्याने उपायही थंडाव्याचेच सुचतात. धने-जिरे, सब्जा, वाळ्याचं पाणी. जंतूची शंका या शब्दाला शिवत नाही. धन्याच्या पाण्याने नुकसान काही होत नाही, पण त्या भरवशावर आठ दिवस जातात. मावशीचे तेच आठ दिवस गेले.

म्हणून आधी रानात गेले, मग लॅबमध्ये.

मानवत हे कापसाचं गाव. कल्याण-निर्मल रस्त्याने पाथरीकडून परभणीला जाताना हंगामात कापसाने फुगलेल्या गाड्या दिसतात, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग दिसतात. त्या ढिगातलं एकेक बोंड कुणीतरी हाताने वेचलेलं असतं आणि हंगामात रान बायकांनी भरलेलं असतं. मी ज्या टोळीबरोबर गेले त्यात नऊ जणी होत्या. दव सुकायच्या आत रानात हजर. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाईल तशी ओटीपोटावर लोंबत जाते. मजुरी किलोवर. वाकून वेचायचं, ओटी भरली की गंजीवर ओतायची, परत सरीत शिरायचं.

"दिवसाला किती वेळा जाता?" मी विचारलं. आधी सगळ्या हसल्या. मग त्यांच्यातली थोरली म्हणाली, "2 वेळा. अंधारात निघायच्या आधी एकदा, अंधारात घरी गेल्यावर एकदा."

2 वेळा. हा आकडा मी त्या दिवशी नऊपैकी सात जणींकडून ऐकला. रान उघडं, कडेला रस्ता, मालक नाहीतर सालगडी बांधावर. तुरीची पाटी दाट असली तर आडोसा मिळतो. पण तुरीत सापाची भीती, आणि जाऊन येईपर्यंत दुसरीची ओटी भरते. मग सोपा उपाय एकच, पाणी प्यायचंच नाही. बांधावर कळशी होती, तिच्यावर पितळी पेला उपडा होता. मी अकरा वाजता पाहिला तेव्हा तो कोरडा होता, दोन वाजताही कोरडाच.

बाईच्या शरीरात मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण 20. आतड्यात सुखाने राहणारा ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचला की बाईच्या मूत्राशयापर्यंतचा रस्ता त्याला फार लांब नसतो. 1885 साली थिओडोर एशेरिक या डॉक्टरने तो बाळाच्या विष्ठेत शोधला, त्याच्याच नावाचा हा जंतू. मूत्रमार्गाच्या संसर्गांत दहापैकी सात-आठ वेळा हाच सापडतो. लघवीची धार त्याला धुऊन बाहेर टाकत असते, शरीराने केलेली ही रोजची झाडलोट. दिवसभर धारच सुटली नाही तर जंतूला वाढायला अख्खा दिवस मिळतो. तिथून मूत्रनलिकेने वर चढून तो मूत्रपिंडात शिरला की आग, जळजळ मागे पडते आणि हुडहुडी सुरू होते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वरचेवर मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायका घेतल्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, उरलेल्यांना 3.2 वेळा. अभ्यासाला पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता हेही सांगायला हवं. तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे. फक्त त्या बायकांना पाणी प्यायल्यावर जायला जागा होती. आमच्या नऊ जणींना दीड लिटर पाणी पाजायचं तर आधी आडोसा द्यावा लागेल.

लॅबमध्ये परत येते. बाटलीतली लघवी नळीत ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवली की तळाशी चिमूटभर गाळ बसतो. वरचं पाणी ओतून टाकायचं, गाळाचा थेंब काचपट्टीवर, त्यावर पातळ काच. त्या मुलीने एका सकाळी मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. "पस सेल बघा. एका नजरेत चार-पाच असल्या तर चालतात. हिच्या मला मोजता येईनात." मी डोळा लावला. ज्वारीचे दाणे सांडावेत तशा गोल, दाणेदार पेशी सगळीकडे. शरीराने जंतूंवर पाठवलेल्या पांढऱ्या पेशी. मग तिने काचपट्टी जराशी सरकवली आणि एका ठिकाणी थांबली.

"हे बघा. हे रोज दिसत नाही."

पेशी एकमेकींना चिकटून एक लांबट, दोन्ही कडा समांतर असलेला तुकडा झाला होता, लहान मुलांच्या हातातल्या पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. त्याला कास्ट म्हणतात. मूत्रपिंडात लाखो बारीक नळ्या असतात. त्या नळीत पेशी साचून घट्ट झाल्या की नळीच्याच आकाराचा साचा तयार होतो आणि लघवीबरोबर वाहून येतो. मूत्राशयात असा साचा तयारच होऊ शकत नाही. म्हणजे तो किडनीतूनच आला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या, हिरव्या काठाच्या लुगड्यातल्या बाईच्या मूत्रपिंडातल्या एका नळीचा ठसा मी बघत होते आणि ती बाई बाहेर नातवाला बिस्किट भरवत होती. त्यानंतर लॅबमध्ये आणखी बरंच पाहिलं, पण मन फिरून फिरून त्या पेन्सिलीपाशीच येतं. मावशीच्या लघवीतही तशा पेन्सिली वाहून गेल्या असतील. त्या बघायला तीन दिवस कुणीच बसलं नाही.

कल्चरसाठीची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीची बाटली मात्र इथं थांबत नाही, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यातून परभणीला जाते. लघवी घेतल्यापासून 2 तासांत तपासायला लागावी, नाहीतर थंड ठेवावी. कारण चांगली ऊब मिळाली तर ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो आणि बाटलीतच वाढून खोटा आकडा दाखवतो. "बाया सकाळी सहाला घेतलेली लघवी अकराला आणतात. परत पाठवावं लागतं, त्यांचा चेहरा बघवत नाही," मुलगी म्हणाली. मधल्या धारेचा आग्रहही यासाठीच. पहिल्या धारेत कातडीवरचे जंतू येतात आणि रिपोर्ट बिघडतो.

दुसऱ्या दिवशी त्या डब्यामागोमाग मीही परभणीला गेले. तिथल्या खोलीला एक उबट, आंबूस वास होता, कपड्यांना चिकटून घरापर्यंत आला. एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही बारीक अंश, तारेच्या कडीने उचलून हिरवट जेलच्या ताटलीवर ओढतात आणि ताटली रात्रभर 37 अंशांवर ठेवतात. सकाळी पिवळे ठिपके उठलेले असतात. 100 ठिपके म्हणजे एका मिलिलिटरला 1 लाख जंतू. एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरने 1950च्या दशकात लाखाची ही रेघ मारली, ती अजून प्रयोगशाळांतून चालते. मग तेच जंतू दुसऱ्या ताटलीवर पसरून त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहतो. पडलं नाही तर जंतू थेट चकतीला येऊन भिडतात.

त्या सकाळच्या ताटलीत सिप्रोफ्लोक्सासिनच्या चकतीभोवती गोलच नव्हता. आपल्या देशात हे नवलाचं राहिलेलं नाही. आयसीएमआरच्या वार्षिक अहवालांत रुग्णालयांतले बहुतांश ई. कोलाय या औषधाला जुमानत नाहीत असंच दिसतं. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र मोठा, देखणा गोल. मी म्हटलं, "मग हेच द्यायचं ना?" तिथल्या डॉक्टरबाईंनी मान हलवली. हे औषध लघवीत उतरतं, म्हणून मूत्राशयाच्या संसर्गाला उत्तम. मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेसं पोचत नाही. ताटलीत जिंकणारं औषध किडनीत हरतं. म्हणून रिपोर्ट नुसता वाचून भागत नाही, रोग्याला बघावं लागतं. पाठीवर बरगडीखाली हलकी मूठ मारून रोगी कळवळतो का, हे बघणारा हात लागतो.

उपचार अवघड नाहीत, फक्त पुरे करावे लागतात. कल्चरला लघवी घ्यायची आणि त्याच घटकेला औषध सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आला की त्याप्रमाणे औषध तेच ठेवायचं किंवा बदलायचं. औषधानुसार 7 ते 14 दिवस. ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो. नाही उतरला तर सोनोग्राफी करायची, कारण मध्ये खडा अडकून लघवी तुंबली असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, वाट मोकळी करावी लागते. गरोदर बाई आणि साखरेचा रोगी यांना एक दिवसही घरी काढायला सांगू नये. आणि ताप दडपणारी दुखण्याची सुई तर अशा अंगात नकोच. उलट्यांनी पाणी आटलेल्या माणसाच्या किडनीला तीच घातक ठरते.

चूक मला इथंच दिसते. मावशीला तीन दिवस मिळालेल्या सुयांत काय होतं हे आजही कुणाला माहीत नाही, कागदावर लिहिलेलंच नाही. त्यात अर्धंमुर्धं अँटिबायोटिक असेल तर मधल्या तीन दिवसांत जंतू मेले नाहीत, शहाणे मात्र झाले. बरीच जालीम अँटिबायोटिक्स 2014पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची. नियम चांगला आहे. पण लघवीची तपासणी सांगण्यापेक्षा सुई टोचणं लवकर होतं आणि रोग्यालाही तेच खरं औषध वाटतं. आमच्या घरातही तेच वाटलं, म्हणूनच आम्ही चौथा दिवस उजाडू दिला.

मावशी दहा दिवसांनी घरी आली. औषध संपल्यावर तिची लघवी मी स्वतः मानवतच्या त्याच लॅबमध्ये घेऊन गेले होते. त्या मुलीशी ओळख झाली ती तिथं. रिपोर्टवर इंग्रजीत दोन शब्द होते, नो ग्रोथ. तिने ते मावशीला मराठीत सांगितले, "काही उगवलं नाही, माय." शेतात असं कुणी म्हटलं असतं तर मावशी रडली असती. इथं तिने त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

फेब्रुवारीत मी त्या नऊ जणींकडे पुन्हा गेले. फरदडीची शेवटची वेचणी चालू होती. आकडा तोच होता, 2 वेळा.

वेचणीला बायका लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माझं हात जोडून सांगणं आहे. येत्या दिवाळीआधी बांधाच्या कडेला चार बांबू रोवा आणि भोवती एक जुनं लुगडं गुंडाळा. शेजारी पाण्याची घागर ठेवा, आणि जाऊन येणाऱ्या बाईकडे घड्याळ लावून बघू नका. घरातल्या कुणाला उन्हाळी लागून वर हुडहुडी भरली, तर पहिली सुई टोचायच्या आधी मधली धार बाटलीत धरा आणि 2 तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा.