अनुदान, कर्ज आणि मैत्री

विकास सहकार्याच्या परिभाषेत भारत, चीन, ब्राझील यांना ‘उदयोन्मुख दाते’ म्हणतात. भारतापुरते हे विशेषण मला फसवे वाटते. परदेशी उमेदवारांना प्रशिक्षण देणारा ‘आयटेक’ कार्यक्रम आपण १९६४ साली सुरू केला, तेव्हा आपल्या रेशनच्या दुकानांत अमेरिकेचा गहू येत होता. म्हणजे घेणारा हात आणि देणारा हात एकाच वेळी पुढे होते.

त्यामुळेच असेल, पण दिल्लीला ‘दाता’ हा शब्द रुचत नाही, ‘भागीदार’ रुचतो. मदत कशाला म्हणावे याचे निकष ‘ओईसीडी’ची विकास साहाय्य समिती ठरवते. भारत तिचा सदस्य नाही. तेव्हा भागीदारीचा अर्थ प्रत्येक करार वाचूनच लावावा लागतो.

भूतानचे जलविद्युत प्रकल्प पाहू. ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाचा करार १९७४ चा. भारताने दिलेल्या पैशांत ६० टक्के अनुदान होते आणि ४० टक्के कर्ज, तेही ५ टक्के व्याजाने. उरलेली वीज भारतच विकत घेणार असल्याने भूतानला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. डोंगराळ देशाच्या तिजोरीला उत्पन्नाचे भक्कम साधन मिळाले.

पुढे प्रमाण उलटले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पात अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७० टक्के. व्याज १० टक्के. १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ मध्ये कर्ज ६० टक्के. तिथे २०१३ मध्ये धरणाच्या जागेलगतचा डोंगर सरकला आणि दशक उलटले तरी धरण उभे राहिले नाही. काम रखडले की खर्च फुगतो, आणि फुगलेल्या खर्चात कर्जही असते.

याला सावकारी म्हणणे अन्यायाचे होईल. कर्ज रुपयांत आहे आणि विजेचे उत्पन्नही रुपयांत, त्यामुळे डॉलर वधारल्याची झळ या हिशेबाला थेट लागत नाही. शिवाय वीज वाहत्या पाण्याची, कोळशाची नव्हे. लाभ दोघांचा आहे.

प्रश्न वेगळाच आहे. कर्ज देणारा, बांधकामाचे तंत्रज्ञान पुरवणारा आणि वीज विकत घेणारा जर एकच शेजारी असेल, तर धाकट्या भागीदाराने विजेच्या दरावर घासाघीस कोणाच्या बळावर करायची? जुन्या दात्यांच्या अटींविरुद्ध तक्रार करणारा भारत आज स्वतः अटी लिहितो आहे. त्या अटी संसदेत, वर्तमानपत्रांत आणि थिंफूतही उघडपणे तपासल्या जाव्यात, एवढे तरी ‘भागीदार’ या शब्दाने आपल्यावर बंधनकारक केले आहे.