‘आमच्या साइटवर अंध माणसं येतच नाहीत’

वेबसाइट तयार करणाऱ्या टीममध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. पुरावा म्हणून ॲनॅलिटिक्सचा डॅशबोर्ड पुढे केला जातो. पण त्या डॅशबोर्डला हे कळायला वावच नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याच्या संगणकावर किंवा फोनवर चालतं आणि ते चालू आहे की नाही हे ब्राउझर साइटला कळवत नाही. एखाद्या अंध विद्यार्थ्याने तुमचा प्रवेश अर्ज मध्येच सोडला, तर आकडेवारीत तो अर्ज अर्धवट सोडणाऱ्यांत मोजला जातो. का सोडला, ते कुठेच उमटत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. पुढे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. शिवाय या कुठल्याच मोजणीत न येणारी माणसं आहेत: मोतीबिंदूमुळे फिकी अक्षरं न लागणारे आजोबा, हात थरथरतो म्हणून माउस नेमका न जमणाऱ्या बाई, मनगट प्लास्टरमध्ये असलेला शेजारच्या टेबलावरचा सहकारी.

‘डब्ल्यूसीएजी म्हणजे वकिलांचा जाडजूड दस्तऐवज’

डब्ल्यूसीएजी हे वेबचं जागतिक ॲक्सेसिबिलिटी (सुगमता) मानक. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये काढली, दुसरी २००८ मध्ये. २.१ आली २०१८ मध्ये आणि सध्याची २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे त्याचे तीन स्तर आहेत. बहुतेक ठिकाणी डबल ए अपेक्षित असतो, २.२ मध्ये तिथवरचे निकष ५५ भरतात. संपूर्ण साइटसाठी सरसकट ट्रिपल एचा आग्रह धरू नये, असं हे मानकच सांगतं.

निकष रुक्ष वाटतात, पण प्रत्येकामागे माणूस आहे. साध्या आकाराचं अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट हवा, हा आकडा कुणी सहज लिहिलेला नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर साधारण २०/४० असते, आणि त्या नजरेला कॉन्ट्रास्ट जितका कमी जाणवतो तितका भरून काढायचा, या हिशोबातून तो आला. हेक्समध्ये सहा वेळा ७ लिहून मिळणारा, डिझायनरांचा लाडका राखाडी पांढऱ्यावर ४.४८ : १ भरतो, म्हणजे नापास. किंचित गडद ७६७६७६ पास होतो. प्रत्येक निकषाला जोडून ‘अंडरस्टँडिंग’ नावाचं पान असतं, त्यात निकष कुणासाठी आणि का ते दिलेलं असतं. डेव्हलपरने आधी ते वाचावं, मूळ निकष नंतर.

‘एरिया लावलं की झालं’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, असं माझं मत आहे. एरिया म्हणजे एचटीएमएलला जोडायचे काही गुणधर्म. ‘हे बटन आहे’, ‘हा मेनू उघडा आहे’ असं ते स्क्रीन रीडरला सांगतात. फक्त सांगतात, घडवत काहीच नाहीत. डिव्हला बटनाची भूमिका दिली तरी टॅब दाबून फोकस तिथे पोचत नाही, एंटर चालत नाही, स्पेसही नाही. स्क्रीन रीडर मात्र ‘बटन’ म्हणून मोकळा होतो आणि वापरणारा दाबत बसतो. एचटीएमएलच्या साध्या बटन टॅगमध्ये हे सगळं मुळातच आहे. म्हणून एरियाचा पहिला नियमच असा, की काम मूळ एचटीएमएल एलिमेंटने होत असेल तर एरिया वापरू नका.

आपली साइट कुठे अडते ते पाहायला कुठलंही साधन लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर एक अर्ज पूर्ण भरून पाहा. सीएसएसमध्ये आउटलाइन काढून टाकली असेल तर आपण कुठल्या रकान्यात आहोत हेच दिसणार नाही. पॉपअप उघडला आणि फोकस मागच्याच पानावर फिरत राहिला, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तो पॉपअप सापडतच नाही. फोकस आत जायला हवा, एस्केपने पॉपअप बंद व्हायला हवा आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटनावरून निघाला तिथेच परतायला हवा. रकान्यात फिकट अक्षरांत लिहिलेला प्लेसहोल्डर हे लेबल नव्हे. टाइप करायला लागताच तो जातो आणि इथे काय भरायचं होतं ते विसरायला होतं. लिंकचंही तसंच. अनेक जण स्क्रीन रीडरवर पानातल्या लिंकांची यादी काढून वाचतात. त्यात दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ आलं, तर कुठली लिंक कशाची ते कसं कळणार?

‘टूलने हिरवा दिला, म्हणजे साइट पास’

वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख होमपेजची यांत्रिक तपासणी करते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले. त्यांतले ९६ टक्के दोष सहाच प्रकारांचे होते: कमी कॉन्ट्रास्ट, चित्राला ऑल्ट (चित्राचं वर्णन करणारा मजकूर) नसणं, रकान्याला लेबल नसणं, रिकामी लिंक, रिकामं बटन आणि पानाची भाषा न सांगणं. यांतलं काहीच अवघड नाही. टूल हे पकडतं, म्हणून ते वापरायलाच हवं. पण फोटोला ऑल्ट आहे एवढंच त्याला कळतं. त्यात कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव आहे का, हे दर वेळी कळत नाही. उलट, निव्वळ सजावटीच्या चित्राला रिकामा ऑल्ट देणं हेच बरोबर असतं.

एका ओळीचा कोड टाकून साइट आपोआप सुगम करून देण्याचं आश्वासन देणारे ओव्हरले विकले जातात. अशा एका कंपनीला, ॲक्सेसिबीला, दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

‘मराठी साइटला वेगळं काही लागत नाही’

लागतं, आणि हे काम आपल्यावाचून कुणी करणार नाही. टेम्प्लेट बहुधा इंग्रजी असतं आणि त्यातला भाषेचा कोड ‘ईएन’ तसाच राहून जातो. मग मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो, आणि तो आवाज देवनागरी अक्षरं वगळतो किंवा भलतंच वाचतो. तिथे ‘एमआर’ लिहिणं हे मिनिटभराचं काम, आणि निकष अगदी खालच्या ए स्तराचा.

जुन्या बिगर-युनिकोड फाँटांतला मजकूर याहून वाईट. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. तो मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर स्क्रीन रीडरला निव्वळ चित्र. दोन्हींवर इलाज एकच: मजकूर युनिकोडमध्ये आणून पानावर टाकणं.

ठरावीक उंचीचे चौकोन इंग्रजीला पुरतात. मराठीत वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करून पाहिल्याशिवाय मराठी पान पूर्ण झालं असं मानू नये.

‘भारतात हे बंधनकारक नाही’

२०१६च्या अधिनियमाचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दलच आहे. सरकारी संकेतस्थळांच्या जीआयजीडब्ल्यू ३.० मार्गदर्शिकेचा आधार डब्ल्यूसीएजी २.१ डबल ए आहे, आणि आयएस १७८०२ हे आपलं स्वतःचं भारतीय मानक आहे. राजीव रतुडी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं चालणार नाही, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंध व्यक्तींना डिजिटल केवायसीत डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं जात होतं. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं.

कायद्याची बाजू अशी; तपासणीची साधनं तर हाताशीच आहेत. विंडोजसाठीचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर बहुधा आधीपासून असतात. तुम्ही स्वतः ते चालवून बघाच, पण रोज वापरणाऱ्याचा सराव तुमच्याकडे नसतो. त्यामुळे चाचणीला दिव्यांग वापरकर्ते हवेतच. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि त्यांनी दाखवलेली अडचण ट्रॅकरवर ‘सूचना’ म्हणून नव्हे, बग म्हणून नोंदवा.