हातचा न येणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची संख्या, पण एकदा वाचली की पाठ. उलटीकडून वाचली तरी तीच. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग. गुणाकार कागदावर मांडून बघावा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करत गेलं की कडेला एक, मग दोन, मग तीन, मधल्या घरात नऊ आणि तिथून उतरण. कुठंच हातचा येत नाही, गुपित एवढंच! दहा एकांचा वर्ग करायला घेतला की मधल्या घरात दहा होतात, हातचा शेजारच्या नवावर बसतो, त्याचेही दहा होतात, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा, मध्ये दोन शून्यं.

हा नाद जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ चं वर्णन केलं ते एकापासून सहापर्यंत चढून तशीच उतरणारी संख्या असं. २७९९४६८१ गुणिले ४४१ केलं की ती मिळते. अशा गुणाकारांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात.

आपल्याकडं हा छंद आयुष्यभर जपला तो द. रा. कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं. हे नाव कुणा युरोपीय पंडिताचं वाटतं, पण आहे रेल्वे स्टेशनचं! जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात कल्पना सुचली ते डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. (आता तिथं सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ.) ‘हर्षद’ हे नावही त्यांचंच: जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागलं की उरतो १२३४५६७९ चा वर्ग. इथंही आठ बेपत्ता. एकाला ८१ नं भागत बसलात तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी हीच माळ फिरत राहते.

इंग्रज गणिती जी. एच. हार्डी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त असल्या अंकलीलांना गंभीर गणितात जागा देत नाही. मला त्याचं म्हणणं निम्मं पटतं. चढउताराची नक्षी दशमान लेखनाची आहे. द्विमानात हीच संख्या १०१ नं सुरू होते आणि ००१ वर संपते, म्हणजे आरसा फुटला. पण ३⁴ × ३७² × ३३३६६७² ही तिची घडण कुठल्याही लिपीत तीच. त्यावरून विभाजक निघतात ४५. विषम, कारण बाकी सगळे जोडीनं येतात आणि १११११११११ एकटा स्वतःशीच गुणला जातो.

आता ती वाचायची कशी? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनुसार डावीकडचा पहिला एक बसतो ‘मध्य’ या स्थानी. त्याच्या वर फक्त परार्ध. दहा एकांचा वर्ग एकोणीस अंकी, तिथं त्यांची यादी पुरत नाही.