‘बसीन’ : लाकडी अंगाची युद्धनौका

बल्लारपूरकरांना लाकूड काय मी सांगणार! पण विसाव्या शतकात युद्धनौका लाकडाची कशाला? कारण पाणसुरुंग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी समुद्रतळाशी चुंबकीय सुरुंग पेरले. वरून पोलादी जहाज गेलं की तिथलं चुंबकक्षेत्र बदलतं, सुरुंग फुटतो. लाकडाची त्याला चाहूलच लागत नाही. म्हणून ब्रिटननं सुमारे १०६ फुटी, लाकडी अंगाच्या ‘हॅम’ नौका बांधल्या. त्यांतली ‘लिटलहॅम’ १९५५ मध्ये भारतानं घेतली; नाव ठेवलं ‘बसीन’, म्हणजे आपली वसई. काम एकच, बंदराची वाट मोकळी ठेवायची. मागं विजेची केबल ओढायची, सुरुंग आपल्यापासून लांब फोडायचा. अशा नौकेची कामगिरी मोजायची कशी? बुडालेली जहाजं मोजता येतात, वाचलेली कोण मोजतो? पुढं याच जातीची ‘भटकळ’ तर मुंबईतच बांधली गेली.