सांगोल्याचं डाळिंब आणि फुकटातलं बी-१

सांगोल्यातल्या ओळखीच्या एका पोराने परवा मोबाईल पुढे केला. ऑनलाइन चाचणी, पोलिश भाषा, पातळी बी-१, म्हणजे ए-१ आणि ए-२ च्या वरची. चाळीस प्रश्न, वीस मिनिटं, खर्च शून्य. पोलंडला शिकायला जायचं डोक्यात आहे, त्यामुळे घरी पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

मी थोडीफार पोलिश शिकलोय. विचारलं, डाळिंबाला काय म्हणतात? "ग्रानात." दोन डाळिंबं? "द्वा ग्रानाती." पाच? "प्येंच ग्रानाती." इथे गाडी घसरली. दोन, तीन, चारला एक रूप चालतं. पाचाला षष्ठीचं अनेकवचन लागतं, प्येंच ग्रानातुफ. (हातबॉम्बलाही पोलिशमध्ये ग्रानातच म्हणतात. विमानतळावर बॅगेत काय आहे ते सांगताना जपून.) चाचणीत हे रूप चार पर्यायांत समोर दिसतं, म्हणून जमतं. तोंडातून काढायची वेळ आली की पर्याय नसतात.

पहिला गैरसमज इथलाच: पडद्यावरची पातळी म्हणजे दाखला. तसं नाही. परदेशी माणसांसाठी पोलंडची सरकारमान्य परीक्षा २००४ पासून आहे. ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं, बोलणं असे तिचे पाच भाग, आणि बी-१ ला प्रत्येक भागात निदान ५० टक्के लागतात. व्याकरणात ९० पडले म्हणून बोलण्यातले ३५ झाकले जात नाहीत. तिथे काही वर्षं राहून नागरिकत्वाचा अर्ज केला की बी-१ चा पुरावा मागतात, तो अशा प्रमाणपत्राचा. तिथे स्क्रीनशॉट कोणी हातात धरणार नाही.

"पण चाळीसपैकी बावीस बरोबर आले की!" आले. मात्र चार पर्यायांच्या चाळीस प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरीने दहा बरोबर येतात. ते दहा आधी बाजूला काढा, मग बोला.

लिपी रोमन आहे, म्हणजे वाचता येतंच, हाही भ्रम. नकाशावर इंग्रजीच्या सवयीने 'लॉड्झ' वाचाल ते शहर तिथल्यांच्या तोंडी 'वूच' आहे. 'चहा' आणि 'चाक' यांतले दोन च आपल्या जिभेला येतात. पोलिशला असे तीन लागतात. टिचक्यांच्या चाचणीला यातलं काही ऐकू जात नाही.

याच्या उलटही एक समज आहे, आणि मला तो जास्त खटकतो: पोलिश भयंकर अवघड, आपल्याला ए-१ च्या पुढे झेपायची नाही. त्या भाषेत सात विभक्त्या आहेत. शाळेत आपण आठ घोकल्या. नपुंसकलिंग तिथेही आहे, हाक मारायला संबोधन तिथेही आहे. वार्शावा शहराचं नाव 'वार्शावात' म्हणताना 'व वार्शाव्ये' होतं, यात इंग्रजी माणूस गोंधळेल. आपण सांगोल्याचे, आपण रोज 'सांगोला'चं 'सांगोल्यात' करतोच. शिवाय ही भाषा आपल्या मुलखाने ऐकलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आले आणि १९४३ ते १९४८ या काळात तिथे त्यांची वसाहत होती.

मग ऑनलाइन चाचणी द्यायचीच नाही? द्यावी. कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवायला ती बरी, आणि बहुतेक शिकवणी वर्ग ती त्यासाठीच ठेवतात. मात्र सोबत फोनवर दोन मिनिटं स्वतःचं बोलणं टिपून घ्यावं, कागद न बघता.

पोराने ते केलं. विषय निवडला घरची डाळिंबाची बाग. पाणी जमलं, आजोबा जमले, ग्रानातुफही एकदा नीट आलं. बागेवरच्या तेल्या रोगाशी आला आणि तिथून सरळ मराठीत शिरला. सध्या तो ए-२ च्या वर्गाला बसतो.